यानंतर काय वाचू?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : किशोर आणि तरुण वाचकांसाठी कादंबऱ्या

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच मागणी आहे : १२ ते २० वयासाठी कादंबऱ्यांची वयवार यादी द्या. पुस्तकांची नावं पुढे जागोजागी येतील, पण वयवार यादी आम्ही मुद्दामच केलेली नाही. एकाच बाकावर बसणाऱ्या १४ वर्षांच्या दोघांना एकच कादंबरी दिली, तर एक जण ती रात्रीत संपवतो आणि दुसरा आठव्या पानावर पालथी घालून ठेवतो. वय दोघांचं सारखंच असतं. फरक असतो तो त्यांना पुस्तकात काय हवंय याचा. शिफारस तिथून सुरू करावी लागते.

मुलगा १३ वर्षांचा आहे. 'फास्टर फेणे'ची मिळाली तेवढी सगळी पुस्तकं त्याने दोन-दोनदा वाचली. त्यानंतर मी घरातल्या चांगल्या चांगल्या कादंबऱ्या पुढे केल्या, पण एकही पूर्ण झाली नाही. आता तो म्हणतो, मला वाचायलाच आवडत नाही. काय करू?
— एक आई

ज्याने एखादं पुस्तक आपणहून दोनदा वाचलं, त्याला वाचायला आवडतं. त्याला तुम्ही पुढे केलेल्या कादंबऱ्या आवडल्या नाहीत, एवढंच.

भा. रा. भागवतांच्या बनेशच्या, म्हणजे फास्टर फेणेच्या, गोष्टीत पहिल्या काही पानांतच काहीतरी बिनसतं आणि मग गाडी थांबत नाही. त्या वेगाची सवय झालेल्या मुलाच्या हातात आपण एकदम मोठ्यांची नावाजलेली कादंबरी देतो. तिच्यात पहिली ३०-४० पानं घराचं, गावाचं आणि नात्यांचं वर्णन असतं. मोठ्या वाचकाला ठाऊक असतं की हे सगळं पुढे कामी येणार आहे. १३ वर्षांच्या मुलाला तसा अनुभव नसतो, त्यामुळे त्याला वाटतं, पुस्तक अजून सुरूच झालं नाही. दोन-तीनदा असं झालं की तो दोष पुस्तकाला न देता स्वतःच्या आवडीला देतो. तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतं.

अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी यासाठी फार उपयोगाची कल्पना मांडली आहे. कादंबरीत शिरायला चार दारं असतात : कथानक, पात्रं, परिसर आणि भाषा. प्रत्येक कादंबरीत चारही असतात, पण एखादं दार सताड उघडं असतं आणि एखादं नुसतं किलकिलं. वाचकाचंही एखादं आवडतं दार असतं. मुलाला 'तुला कसली पुस्तकं आवडतात?' असं विचारून ते कळत नाही. त्यावर 'साहसाची' किंवा 'माहीत नाही' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी त्याने शेवटचं आवडीने संपवलेलं पुस्तक घ्या आणि विचारा, 'त्यातलं तुला काय आठवतं?'

उत्तर नीट ऐका. 'तो त्या गुहेत अडकतो ना, तेव्हा...' असं क्रियापदांनी भरलेलं उत्तर आलं, तर दार कथानकाचं. 'बन्या भारी आहे, त्याचं ते ट्टॉक!' असं आलं, तर पात्राचं. 'ते ठिकाण कसलं होतं!' हे परिसराचं. आणि एखादं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तर तो भाषेचा वाचक आहे. असे वाचक या वयात कमी असतात, पण असतात, आणि बहुतेकदा त्यांची दखलच घेतली जात नाही.

दार कथानकाचं निघालं, तर जयंत नारळीकरांच्या 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला' या विज्ञान कादंबऱ्या बघा. दोन्हींत एक कोडं सुरुवातीलाच समोर येतं आणि शेवटपर्यंत ओढून नेतं. इंग्रजी वाचत असेल, तर लुई साचर यांची १९९८ची 'होल्स'. तिची प्रकरणं ५० आहेत आणि बहुतेक प्रकरणं इतकी आखूड की 'अजून एकच' म्हणत मूल पाच वाचून जातं. दार पात्राचं निघालं, तर प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' हे खरं तर कथासंग्रह, पण नायक एकच आणि तो पुस्तकागणिक वाढत जातो, म्हणून ते कादंबरीसारखेच वाचले जातात.

आता द्यायचं कसं. एकच पुस्तक दिलंत तर ती परीक्षा होते, दहा दिलीत तर पसारा. तीन द्या. एक जवळचं, म्हणजे त्याने आधी आवडीने वाचलेल्यासारखंच. एक शेजारचं, म्हणजे दार तेच पण विषय वेगळा. आणि एक लांबचं, तुमच्या आवडीचं. ते नाकारलं तरी वाईट वाटून घ्यायचं नाही. तिन्ही त्याच्या हाताशी ठेवा आणि दोन आठवडे विषय काढू नका. 'किती झालं?' आणि 'त्यातून काय शिकलास?' या दोन प्रश्नांनी जेवढी पुस्तकं अर्धवट राहिली असतील, तेवढी कंटाळवाण्या कादंबऱ्यांनीही राहिली नसतील. विचारायचंच असेल तर विचारा, 'आता कुठे आलाय तो?' हा प्रश्न दुसरा वाचक विचारतो.

तिन्ही परत आली, तर नाराज होऊ नका. प्रत्येक पुस्तक कितव्या पानावर सुटलं ते बघा. दहाव्याच्या आत सुटलं असेल, तर भाषा किंवा सुरुवात अवघड गेली. साठाच्या पुढे सुटलं असेल, तर पुस्तक बहुधा योग्य होतं, पण मध्ये आठवडाभर खंड पडला आणि कोण कोणाचा कोण हे विसरायला झालं. दुसऱ्या बाबतीत पुस्तक बदलू नका. आधीची दहा पानं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि अकराव्यावर पुस्तक त्याच्या हातात द्या.

मुलगी १६ वर्षांची आहे. इंग्रजीतल्या ७०० पानांच्या कल्पनारम्य मालिका फस्त करते. मराठी घरात बोलतो, तिला उत्तम कळतं, पण मराठी कादंबरी पाच पानांत खाली ठेवते. तिला मराठीची आवडच नाही का?
— एक वडील

आवडीचा प्रश्न नंतरचा, आधी वेगाचा बघू. रोज इंग्रजी वाचणाऱ्या डोळ्यांना इंग्रजी शब्द अख्खाच्या अख्खा दिसतो. देवनागरीचा तेवढा सराव नसेल, तर शब्द अक्षरं जुळवून वाचावा लागतो, जोडाक्षरापाशी नजर अडखळते, आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटते. गोष्ट एरवी तासाला ४० पानं पळते, ती इथे १२ पानांवर येते. या वेगाने कुठलीही कादंबरी रटाळच वाटणार.

म्हणून पहिलं पुस्तक असं निवडा, ज्याची गोष्ट तिला आधीच पाठ आहे. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाचा मराठी अनुवाद 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने आहे. ('फिलॉसॉफर्स स्टोन'ला 'परीस' म्हणणं, यापेक्षा चपखल भाषांतर सापडणं कठीण.) पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे सगळं लक्ष लिपीवर देता येतं. रोज दहा पानं, तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात ती कुरकुर करेल. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वेग वाढल्याचं तिचं तिलाच जाणवेल.

दुसरं पुस्तक संवादांनी भरलेलं हवं. मिलिंद बोकील यांची २००४ची 'शाळा' इथे अगदी फिट बसते. नववीतला मुकुंद जोशी स्वतः गोष्ट सांगतो, तीही मुलं आपसात बोलतात त्या मराठीत. सुऱ्या, चित्र्या, फावड्या ही टोळी कट्ट्यावर जे बोलते, त्यातले काही शब्द मोठ्यांसमोर बोलायचे नाहीत. ते तुम्हाला खटकणार असतील तर आधी स्वतः वाचा, पण वगळून वाचायला सांगू नका. ती भाषा काढली तर त्या मुलांमधलं खरेपण जातं. मागे आणीबाणीचा काळ आहे. तो तिला माहीत नसेल, तर दोन मिनिटांत सांगून टाका, नाहीतर मोठ्या माणसांचं वागणं तिला कोड्यात टाकेल.

तिसऱ्या पुस्तकापासून तिला वाटेल तिकडे जाऊ द्या. अनुवादाकडे कमीपणाने बघू नका. शांता शेळके यांची 'चौघीजणी' किंवा राम पटवर्धनांचं 'पाडस' वाचताना तुम्हाला मराठी गद्य म्हणून जे मिळतं, ते कित्येक मूळ मराठी कादंबऱ्यांतही मिळत नाही. फक्त 'पाडस'चा शेवट जिव्हारी लागतो. जनावरांवर जीव असलेल्या मुलीला ते आधी सांगावं.

अडलेल्या शब्दांसाठी एक नियम ठेवा. पहिल्यांदा आला तर पुढे जा, दुसऱ्यांदा आला तर अंदाज बांध, तिसऱ्यांदा आला तरच अर्थ बघ. प्रत्येक शब्दाला थांबलं, तर शब्दसंग्रह वाढेल पण कादंबरी हातची जाईल. ध्वनिमुद्रित पुस्तक मिळत असेल, तर ऐकता ऐकता छापील पानावर नजर फिरवणं हा वेग वाढवायचा चांगला मार्ग आहे. मंद वाचणाऱ्या किंवा अक्षरांशी झगडणाऱ्या मुलांसाठी तर तो हमखास करून बघावा.

१४ वर्षांच्या मुलाला 'मृत्युंजय' द्यावी का? घरात सगळ्यांनी वाचली आहे.

त्याला महाभारताची गोष्ट आधीच ठाऊक असेल आणि भरजरी, अलंकारिक भाषा आवडत असेल, तर खुशाल द्या. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ची. तिचे नऊ भाग आहेत आणि निवेदक सहा : कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण. मुलं अडखळतात ती बहुतेकदा निवेदक बदलतो तिथे. 'हा मी कोण?' हे लक्षात येईपर्यंत चार पानं जातात. पहिल्या कोऱ्या पानावर सहा नावं क्रमाने लिहून द्या, बस. 'घरात सगळ्यांनी वाचली आहे' हे मात्र त्याला सांगू नका.

शाळेत वाचनाचा तास घेते. हल्लीच्या किशोर कादंबऱ्यांत प्रेम, हिंसा, व्यसन, आत्महत्या असं सगळं येतं. कोणती द्यावी, कोणती देऊ नये, हे ठरवायचं कसं? सगळ्या पूर्ण वाचायला वेळ नाही.
— एक शिक्षिका

विषयांची बंदीयादी करू नका, ती टिकत नाही. 'मृत्यू नको' म्हटलं तर निम्मं चांगलं साहित्य बाद होतं, आणि विषय सोज्वळ असूनही मुलांना हिणवणारी, खोटा दिलासा देणारी पुस्तकं मात्र सहज आत येतात.

आधी एक गैरसमज दूर करू. नायकाचं वय म्हणजे वाचकाचं वय नव्हे. १९५४च्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'मध्ये जवळपास सगळी पात्रं लहान मुलं आहेत आणि सुरुवात एका बेटावर होते. तेवढ्यावरून ती साहसकथा म्हणून ११-१२ वर्षांच्या मुलांना दिली जाते. पुढे त्याच मुलांच्या हातून जे घडतं, ते पचायला वाचक थोडा मोठा हवा. १५-१६ वर्षांच्या मुलांसोबत मात्र ती उत्तम चर्चा घडवते. 'द बुक थीफ'ची लीझल सुरुवातीला नऊ वर्षांची आहे, पण गोष्ट सांगतो साक्षात मृत्यू, आणि काळ नाझी जर्मनीचा. २००५मध्ये ऑस्ट्रेलियात ती मोठ्यांची कादंबरी म्हणून आली आणि २००६मध्ये अमेरिकेत किशोरांची म्हणून. २००३ची 'द क्युरिअस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' तर एकाच वेळी लहानांची आणि मोठ्यांची अशा दोन वेगळ्या आवृत्त्यांत निघाली. मुखपृष्ठावरच्या वयोगटाला किती महत्त्व द्यायचं, ते यावरून ठरवा. उलट बाजूने, व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा नायक कमावता शिक्षक आहे, तरी १४ वर्षांचं मूल ती सहज वाचतं. कादंबरी आटोपशीर आहे, वाक्यं छोटी आहेत, आणि एका तरुणाला नवख्या गावात पाय रोवायचे आहेत ही अडचण कोणत्याही वयात कळते.

आता तपासणी. कठीण प्रसंगाशी या तीन गोष्टी बघा. प्रसंग किती जवळून दाखवलाय? दाराबाहेरून कळतो, की तपशील मोजून दाखवले जातात? दुसरं, तो कोणाच्या नजरेतून दिसतो? मारणाऱ्याच्या नजरेतून आणि मार खाणाऱ्याच्या नजरेतून एकच प्रसंग दोन वेगळ्या गोष्टी होतात. तिसरं आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं : नंतर काय होतं? कादंबरी त्या घटनेच्या परिणामांजवळ थांबते, की पुढच्या प्रकरणात सगळे जण विसरून मोकळे होतात? धक्का देऊन पळ काढणारी कादंबरी मुलाला त्या प्रसंगासोबत एकटं सोडते. पानभर हिंसा आणि मग शंभर पानं तिचा हिशेब, हे आम्हाला चालतं. उलटं चालत नाही.

आत्महत्येबद्दल वेगळं आणि स्पष्ट लिहायला हवं. ती कशी केली याचं तपशीलवार वर्णन असेल, किंवा ती सूड घेण्याचा, प्रश्न सोडवण्याचा मार्ग म्हणून रंगवली असेल, तर ते पुस्तक वाचनाच्या तासाला घेऊ नका. अशा विषयावर लिहिताना पद्धतीचं वर्णन टाळावं आणि मदत कुठे मिळते ते सांगावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रसारमाध्यमांसाठीची सूचना पुस्तकं निवडतानाही उपयोगी पडते. आणि एखादं मूल त्या अवस्थेत असल्याची शंका आली, तर त्याच्या हातात 'हे वाच, तुझ्यासारखंच आहे' म्हणून कादंबरी ठेवू नका. त्याच्याशी बोला आणि समुपदेशकाकडे न्या. पुस्तक हा उपचार नाही.

वेळेचं म्हणाल, तर पहिली ३० पानं, मधली १० आणि शेवटची २० वाचा. दीड तासात होतं. सुरुवातीवरून भाषेची पातळी कळते, मधल्या पानांवरून लेखक रंगात आल्यावर किती सैल सुटतो ते कळतं, आणि शेवटावरून तो वाचकाला कुठे नेऊन सोडतो ते. मग एका कार्डावर तीन ओळी लिहून ठेवा : कोणत्या वाचकासाठी, कठीण प्रसंग कोणता आणि कितव्या पानावर, आणि तरीही का द्यावी. पालक जाब विचारायला आले की ही तिसरी ओळ उपयोगी पडते. ती लिहिता येत नसेल, तर ते पुस्तक अजून देऊ नका.

मुलालाही आधी एका वाक्यात सांगावं : 'यात मित्राचा मृत्यू आहे, नको वाटलं तर परत आण.' एवढ्याने गोष्टीची मजा जात नाही. ज्याला नुकतंच घरात दुःख झालंय, त्याला ठरवायची संधी मिळते.

मी १७ वर्षांचा आहे. सगळे म्हणतात म्हणून 'कोसला' घेतली. ५० पानं झाली, काहीच घडत नाहीये. माझ्यात काही कमी आहे का?

तुझ्यात काहीही कमी नाही. तू घडण्याची वाट बघतोयस आणि ही कादंबरी सांगण्यावर चालते. वर चार दारांचा उल्लेख आलाय, त्यातलं भाषेचं दार इथे उघडं आहे. बाकीची किलकिली आहेत.

भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ची. तेव्हा ते स्वतः पंचविशीत होते, आणि तिचा नायक पांडुरंग सांगवीकरही पंचवीस वर्षांचाच आहे. खेड्यातून पुण्यात कॉलेजला आलेला मुलगा वसतिगृहात राहतो, पैसे उडवतो, माणसं जोडतो, तोडतो, आणि हात हलवत घरी परततो. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द तो इतक्या वेळा आणि अशा जागी वापरतो की प्रत्येक गंभीर गोष्टीतली हवा निघून जाते. हा सूर कानात बसला की पानं पळायला लागतात. नुसत्या डोळ्यांनी तो बसत नाही. दोन पानं मोठ्याने वाच, एखाद्या मित्राला ऐकवल्यासारखी. हसू आलं, तर पुढे जा.

दुसरं, पाच-पाच पानांचे तुकडे करू नकोस. बसलास की ३० पानं सलग वाच. ही बडबड सलग ऐकायची आहे, मध्ये तोडली की सूर पुन्हा पहिल्यापासून लावावा लागतो. धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग येईल, तिथे मात्र सावकाश जा. तोपर्यंत थट्टा करणारा आवाज तिथे बदलतो, आणि आधीची सगळी थट्टा कशासाठी होती ते कळायला लागतं.

तरीही नाही जमलं, तर ठेवून दे. नॅन्सी पर्ल यांचा नियम आहे : पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने ५० पानं वाचून ठरवावं, आणि पुढच्या वयाच्या माणसाने १०० मधून आपलं वय वजा करून उरतील तेवढी पानं. तुझी ५० झाली आहेत. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२मध्ये वाचकाचे दहा हक्क लिहिले, त्यात पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क तिसरा आहे. दोन वर्षांनी, घरापासून लांब राहायला लागल्यावर, पुन्हा उघड. तोवर वर सुचवलेली 'शाळा' वाच, किंवा इंग्रजीत एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स'. १९६७मध्ये ती छापून आली तेव्हा लेखिका १८ वर्षांची होती. तुझ्याच वयाच्या मुलीने तुझ्या वयाबद्दल लिहिलेलं आहे ते, आणि त्यात पहिल्या प्रकरणापासून घडतं.

मुलगी (१२) एकच मालिका चौथ्यांदा वाचतेय. थांबवू का?

नको. पेनाक यांच्या यादीतला चौथा हक्क पुन्हा वाचण्याचाच आहे. पहिल्या वाचनात मूल गोष्टीमागे धावतं. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात त्याला दिसायला लागतं की शेवटचं रहस्य लेखकाने दुसऱ्याच प्रकरणात कसं पेरलं होतं. ते तिला विचारून बघा, उत्साहाने पान काढून दाखवेल. तेवढ्या गप्पांतच पुढचं पुस्तक कोणतं द्यायचं तेही कळेल. काळजी तेव्हाच करा, जेव्हा ती इतर सगळ्या गोष्टीही सोडून त्या मालिकेत लपतेय असं वाटेल. तेव्हा प्रश्न पुस्तकाचा नसतो.

आमच्या छोट्या ग्रंथालयात १३ ते १९ वयासाठी वेगळा कप्पा करायचा आहे. ४० पुस्तकांपासून सुरुवात करणार आहोत. काय घ्यावं, कसं मांडावं?
— एक ग्रंथपाल

४० हा आकडा चांगला आहे, फक्त ४० वेगळी नावं घेऊ नका. ३० नावं घ्या आणि त्यातल्या दहांच्या दोन-दोन प्रती. या वयातली मुलं जोडीने वाचतात. मैत्रिणीने कालच संपवलेलं पुस्तक आज मिळालं नाही, तर आठवड्याने ते नको असतं. दुसऱ्या प्रती वेगवान आणि बोलक्या पुस्तकांच्या घ्या, मोठ्या अभिजात कादंबऱ्यांच्या नको.

३० नावांपैकी निदान दहा दीडशे पानांच्या आतली असू द्या. जाड पुस्तकाला घाबरणारा मुलगा कप्प्यासमोर उभा राहून कण्याची जाडीच बघत असतो. मालिका घ्यायची तर पहिला भाग दोन प्रतींत आणि पुढचे एकेक, कारण पहिला वाचणारे सगळेच दुसऱ्यापर्यंत पोचत नाहीत. देणगीत आलेला एकटादुकटा तिसरा भाग या कप्प्यात ठेवूच नका.

विषय निवडताना बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९०मध्ये मांडलेली उपमा लक्षात ठेवा : पुस्तक कधी आरसा असतं, कधी खिडकी, कधी सरकतं काचेचं दार. स्वतःसारखं कुणी पुस्तकात दिसलंच नाही, तर मूल समजतं, हे जग आपलं नव्हे. आणि सगळीकडे स्वतःच दिसलं, तर त्याला दुसरं कुणी दिसतच नाही. तुमच्याकडे येणाऱ्या मुलांची घरं, भाषा, शरीरं, अडचणी डोळ्यांसमोर आणा आणि त्यांच्यापैकी कुणाला या ३० नावांत आरसा मिळत नाही ते शोधा. पुढची खरेदी तिथून करा.

मांडणीत दोन चुका नेहमी होतात. पहिली, कप्पा बालविभागाला चिकटून ठेवणं. चित्रांच्या पुस्तकांशेजारी उभं राहिलेलं १५ वर्षांच्या मुलाला चालत नाही, तो फिरकतच नाही. कप्पा मोठ्यांच्या कादंबऱ्यांच्या सुरुवातीला लावा, नजरेच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १३० ते १५० सेंटिमीटरवर. दुसरी, सगळी पुस्तकं कणा बाहेर करून ठासून भरणं. निदान एक फळी मुखपृष्ठं समोर दिसतील अशी ठेवा. नेहमीच्या आकाराचं पुस्तक १४ सेंटिमीटर रुंद असतं, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या फळीवर सहा बसतात. ही सहा दर आठवड्याला बदला. घरी गेलेल्या पुस्तकाची जागा त्याच दिवशी भरा, कारण रिकामी फळी बघून मुलांना वाटतं, चांगलं होतं ते संपलं.

प्रत्येक पुस्तकात २५ शब्दांच्या आत एक चिठ्ठी घाला. सारांश नको, लेखकाला मिळालेले पुरस्कारही नकोत. कोण, कशात सापडलंय, एवढंच. 'बनगरवाडी'साठी असं लिहिता येईल : 'नोकरी लागली. गाव गाठलं. शाळा आहे, पण मुलं येत नाहीत. आणि मास्तर गावकऱ्यांच्या पोरांएवढाच.' मुलांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या मिळाल्या, तर तुमची काढून त्यांची लावा, शुद्धलेखन न सुधारता.

महिन्यातून एकदा मुलं जमवून एका कादंबरीची सुरुवात चार मिनिटं मोठ्याने वाचा. ते सुमारे ५०० शब्द होतात. थांबायची जागा आधी पेन्सिलने आखून ठेवा, आणि ती प्रसंग ऐन मध्यावर असतानाची असू द्या, परिच्छेद संपल्यावरची नको. दोन्ही प्रती त्या वेळी हातात हव्यात. वाचून दाखवलं आणि पुस्तक बाहेर गेलेलं निघालं, तर सगळी मेहनत वाया.

दीड वर्षात एकदाही घरी न गेलेलं पुस्तक काढायचं का? लगेच नको. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये सांगितलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं एक आहे, 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक'. आधी ते समोरच्या फळीवर तीन आठवडे ठेवा, चिठ्ठी नव्याने लिहा आणि एखाद्या वाचकाला नाव घेऊन सुचवा. तरीही हललं नाही, तर मोठ्यांच्या विभागात हलवा. कित्येकदा तिथे गेल्यावर तीच १६-१७ वर्षांची मुलं ते उचलतात, कारण आता ते 'आपल्यासाठी' म्हणून ठेवलेलं नसतं.

आणि एक वही ठेवा. मुलाने पुस्तक परत केलं की तीनच रकाने भरायचे : नाव, किती पानं वाचली, पुढे काय हवंय. सहा महिन्यांनी दुसऱ्या खेपेची पुस्तकं मागवताना हा तिसरा रकाना समोर घेऊन बसा.